नामदार गोखले आणि गरिबाची शाळा

दरमहा पंधरा रुपये पगाराची नोकरी आणि त्यातून आठ रुपये धाकट्या भावाच्या शिक्षणासाठी! कागलच्या गोविंदरावांनी हा हिशेब कसा जमविला असेल, याची कल्पना आज आपणांस येणार नाही. वडील १८७९ साली वारले, तेव्हा गोविंदराव अठरा वर्षांचे आणि धाकटे गोपाळ तेरा वर्षांचे होते. गोपाळची शाळा थांबणार असा रंग दिसत होता. पण वडील भावाने ती थांबू दिली नाही. पुढे महाविद्यालयाच्या खर्चासाठी वहिनींनी आपले दागिनेही विकले.

हा मुलगा म्हणजेच नामदार गोपाळ कृष्ण गोखले. त्यांचा जन्म रत्नागिरी जिल्ह्यातील कोतळूक या खेड्यात ९ मे १८६६ रोजी झाला. कोल्हापुरास शिकत असता ते हाताने स्वयंपाक करीत. एकदा एक मित्र त्यांस नाटकास घेऊन गेला आणि मागाहून त्याने तिकिटाचे दोन आणे मागितले. गोपाळने ते निमूटपणे दिले. मात्र ती तूट भरून काढण्यासाठी दिव्याचे तेल वाचवून रस्त्यावरील कंदिलाखाली अभ्यास केला, असे सांगतात.

१८८४ साली ते बी. ए. झाले. मोठ्या पगाराच्या मागे न लागता त्यांनी पुण्यास डेक्कन एज्युकेशन सोसायटीत अध्यापन पत्करले. १९०५ साली त्यांनी भारत सेवक समाज स्थापन केला. व्हाइसरॉयच्या कायदेमंडळात ते सरकारच्या जमाखर्चाचे आकडे बारकाईने तपाशीत. मिठावरील कर गरिबांच्याही चुलीपर्यंत पोहोचतो, मग सरकारजवळ शिल्लक उरते ती कोणाच्या पैशाची, हा त्यांचा रोकडा सवाल असे. त्या काळी देशात शंभरांत जेमतेम सहा माणसांस लिहिता-वाचता येत होते. शेतसारा शेतकऱ्याने भरावा आणि शाळेचा लाभ मात्र थोड्यांनी घ्यावा, या अन्यायाकडे महात्मा जोतीराव फुले यांनी १८८२ सालीच हंटर आयोगाचे लक्ष वेधले होते.

१६ मार्च १९११ रोजी गोखल्यांनी कलकत्त्यास प्राथमिक शिक्षणाचे विधेयक मांडले. सहा ते दहा वर्षांच्या मुलांस शाळेत पाठविणे आईबापांवर बंधनकारक व्हावे; मात्र ज्या ठिकाणी बरीच मुले आधीच शाळेत जात असतील तेथेच ही सक्ती असावी, अशी त्यातील योजना होती. खर्चाचा एक वाटा नगरपालिकेने किंवा लोकल बोर्डाने उचलावा आणि दोन वाटे सरकारने द्यावेत, असे त्यांनी सुचविले. ज्याची मिळकत दरमहा दहा रुपयांहून अधिक नाही, त्याच्या मुलास फी माफ असावी, असेही कलम होते. मुलींचा समावेश आरंभीच नव्हता. तो पुढे करावयाचा होता. मला विधेयकातील ही उणीवच वाटते.

विरोध मोठा झाला. खर्च कोठून आणावयाचा, असे अधिकारी विचारीत. शेतकऱ्याचा मुलगा शाळेत बसला तर गुरे कोण राखील, ही शंकाही पुष्कळांच्या मनात होती. ती अगदीच पोकळ नव्हती. धानाच्या रोवणीस घरातील प्रत्येक हात लागतो, हे भंडारा जिल्ह्यातील मुलांस कोणी सांगावयास नको. मी मुख्याध्यापक असतानाही त्या दिवसांत वर्गातील हजेरी उतरत असे. परंतु बडोद्याच्या सयाजीराव महाराजांनी १९०६ साली आपल्या सर्व राज्यात सक्तीचे शिक्षण सुरू केले होते. एका संस्थानास जे साधले, ते बलाढ्य सरकारास का साधू नये?

मार्च १९१२ मध्ये मतदान झाले. पराभव होणार हे गोखल्यांस ठाऊक होते. तरीही ते शांतपणे बोलले. बाजूने तेरा मते पडली, विरुद्ध अडतीस. १९ फेब्रुवारी १९१५ रोजी, वयाच्या अवघ्या अठ्ठेचाळिसाव्या वर्षी, ते निवर्तले.

तीन वर्षांनी, १९१८ साली, मुंबई इलाख्यात प्राथमिक शिक्षणाचा कायदा झाला. भंडारा जिल्हा तेव्हा मध्य प्रांतात होता. तेथे तो १९२० साली झाला. सहा ते चौदा वर्षांच्या प्रत्येक मुलामुलीस मोफत शिक्षणाचा हक्क देणारा कायदा देशात १ एप्रिल २०१० रोजी अमलात आला. सहा वर्षांखालील बालके मात्र त्या हक्काच्या बाहेर राहिली. त्यांच्या शिक्षणासाठी राज्याने प्रयत्न करावा, एवढेच २००२ सालच्या घटनादुरुस्तीत म्हटले आहे.