मेजर थॉमस कँडी : चरित्र आणि कोशकार्य

मागील घटकात आपण मोल्सवर्थ यांच्या मराठी-इंग्रजी कोशाचा परिचय करून घेतला. त्या कोशाच्या १८३१ मधील पहिल्या आवृत्तीत साहाय्यक म्हणून दोन जुळ्या भावांची नावे आढळतात, थॉमस आणि जॉर्ज कँडी. त्यांपैकी थॉमस यांचा परिचय या घटकात करून घ्यावयाचा आहे. तो करून घेताना एक इंग्रजी क्रियापद आपण सोबत ठेवू : 'मिस'. ठाणे, कल्याण, डोंबिवली या पट्ट्यात राहणाऱ्या आपणांस ते शिकवावे लागत नाही. लोकलगाडी ते रोज शिकवते.

कँडी यांचा जन्म १८०४ मध्ये इंग्लंडमधील ईस्ट नॉइल येथे झाला. शिक्षण ऑक्सफर्ड येथे झाले आणि १८२२ मध्ये, वयाच्या अठराव्या वर्षाच्या सुमारास, ते कंपनी सरकारच्या लष्करात नोकरीसाठी हिंदुस्थानात आले. शिपायांशी बोलण्यासाठी हिंदुस्थानी आणि मुलखातील लोकांशी व्यवहार करण्यासाठी मराठी, अशी दुहेरी गरज मुंबई इलाख्यातील लष्करी अधिकाऱ्यांना असे. कँडी दुभाषाच झाले. दुभाष्याचे काम शब्द जाणण्यापुरते नसते. समोरचा माणूस कोणत्या क्रियापदाने बोलतो आहे, आणि त्यात कर्ता कोण आहे, हे त्याला क्षणात ओळखावे लागते.

मोल्सवर्थ यांनी मराठी-इंग्रजी कोशानंतर इंग्रजी-मराठी कोश हाती घेतला होता. परंतु प्रकृती ढासळल्यामुळे १८३६ मध्ये ते मायदेशी परतले. अपुरे राहिलेले काम कँडी यांच्याकडे आले आणि १८४७ मध्ये कोश प्रसिद्ध झाला. मुखपृष्ठावर आरंभ मोल्सवर्थ यांचा आणि पूर्तता आपली, असे त्यांनी स्पष्ट नोंदविले आहे. हा प्रामाणिकपणा त्या काळात सर्रास आढळत नसे.

हा कोश उलट दिशेचा होता, हे लक्षात घ्या. मराठी शब्दाचा अर्थ इंग्रजीत सांगताना विवरणाची मुभा असते. इंग्रजी शब्दासाठी मराठी शब्द द्यावयाचा असेल तर वापरता येणारा शब्दच हवा. त्यातही नामे सोपी. खरी कसोटी क्रियापदांची. म्हणूनच एका इंग्रजी क्रियापदापुढे अर्थच्छटेनुसार अनेक मराठी पर्याय मांडण्याची रीत या कोशात दिसते.

आता 'मिस' घ्या. नेम चुकतो, तास बुडतो, गाडी चुकते, माणसाची आठवण येते. इंग्रजीत या सर्वांना एकच क्रियापद पुरते आणि कर्ता प्रत्येक वेळी माणूस असतो. मराठीत मात्र 'माझी गाडी चुकली' या वाक्यात कर्ता गाडी आहे, आणि 'मला तुझी आठवण येते' यात आठवण. माणूस एकदा षष्ठीत गेला, एकदा चतुर्थीत. 'माय ट्रेन मिस्ड' असे इंग्रजी आपल्याकडे सहज कानी पडते, त्याचे मूळ या रचनेत आहे. त्याला निष्काळजीपणा म्हणणे मला अन्यायाचे वाटते.

तुमच्यापैकी भिवंडी, मुंब्रा किंवा कल्याण येथील काहींची घरची भाषा उर्दू असेल. त्यांची अडचण थोडी निराळी आहे. उर्दूतही 'मुझे याद आती है' अशीच रचना असल्याने तेथे मराठी आणि उर्दू हातात हात घालून चालतात. गाडीपाशी मात्र फाटा फुटतो. 'मेरी गाड़ी छूट गई' म्हणजे गाडी मिळाली नाही. हेच वाक्य शब्दशः मराठीत आणून कुणी 'माझी गाडी सुटली' म्हटले, तर ऐकणारा समजेल की गाडी स्थानकातून निघाली. बोलणारा आत असेलही! उलट उर्दू 'चूकना' आणि मराठी 'चुकणे' दिसायला सारखे. पण उर्दूत संधी चुकणारा माणूस कर्ता असू शकतो, मराठीत संधीच चुकते. म्हणून उर्दूभाषक विद्यार्थ्याने 'मिस' चा अर्थ एका शब्दात पाठ करू नये. कोणाचे काय हुकले, हे वाक्यात मांडून पाहावे.

कँडी यांचे पुढील कार्य शिक्षणखात्याशी निगडित आहे. पुण्यातील विश्रामबागवाड्यात भरणाऱ्या संस्कृत पाठशाळेची देखरेख त्यांच्याकडे होती. नंतर सरकारी मराठी भाषांतराचे आणि क्रमिक पुस्तकांचेही काम आले. मराठी छपाईत स्वल्पविराम, पूर्णविराम आदी चिन्हे रूढ करण्याचे श्रेय मुख्यतः त्यांना दिले जाते. 'विरामचिन्हांची परिभाषा' हे त्यांचे पुस्तक १८५० चे. याच अधिकारामुळे त्यांच्यावर टीकाही झाली. परदेशी अधिकाऱ्याच्या पसंतीस उतरेल तेच मराठी शाळेत शिरावे, ही गोष्ट पुढील पिढीतील मराठी लेखकांना सलली, आणि सरकारी पुस्तकांतील वाक्ये इंग्रजी वळणाची झाली, हा त्यांचा आक्षेप निराधार नव्हता. माझ्या मते तो क्रमिक पुस्तकांना अधिक लागू पडतो, कोशाला कमी. कोशात त्यांनी मराठीला इंग्रजीच्या साच्यात कोंबले नाही. एका साच्यासाठी अनेक मराठी रूपे शोधली, आणि ती शोधताना एतद्देशीय पंडितांच्या भाषाज्ञानावर त्यांची भिस्त होती. त्या पंडितांची नावे मुखपृष्ठावर नाहीत, हेही अभ्यासकाने विसरू नये.

१८४७ मध्ये कोश निघाला तेव्हा हिंदुस्थानात प्रवासी आगगाडी नव्हती. ती १८५३ मध्ये बोरीबंदरहून ठाण्यापर्यंत आली आणि १८५४ मध्ये कल्याणला पोहोचली. चुकण्यासारखी गाडी आली तरी मराठीला नवे क्रियापद घडवावे लागले नाही. नेमासाठी आणि वाटेसाठी वापरातले 'चुकणे' तिने गाडीला लावले. कँडी यांच्या कोशाची सुधारित दुसरी आवृत्ती १८७३ मध्ये निघाली. चार वर्षांनी, १८७७ मध्ये, त्यांचे निधन झाले. अठराव्या वर्षी सोडलेल्या इंग्लंडपेक्षा या मुलखाशीच त्यांच्या आयुष्याचा अधिक काळ निगडित राहिला होता.