पळून गेलेला नाटककार
फ्रीडरिख शिलरचा जन्म १७५९ साली जर्मनीत झाला. तो लष्करात डॉक्टर होता. पण त्याला वेड नाटकाचे! १७८२ मध्ये मानहाइम शहरात त्याचे 'लुटारू' हे नाटक गाजले. तो परवानगीशिवाय तेथे गेला, म्हणून ड्यूकने त्याला कैदेत टाकले आणि नाटके लिहिण्यास बंदी केली. शिलर रात्रीच पळून गेला. मानहाइमच्या नाट्यगृहाने १७८३ मध्ये त्याला नाटककार म्हणून नेमले. पण ती नोकरी एक वर्षच टिकली.

१७८९ मध्ये तो येना विद्यापीठात प्राध्यापक झाला, तोही बिनपगारी! पहिल्या व्याख्यानाला सभागृह अपुरे पडले. मोठ्या सभागृहात जागा मिळावी म्हणून विद्यार्थी रस्त्याने धावत सुटले. लोकांना वाटले, कुठे आगच लागली!