बालदेवतेच्या उपासिका कै. ताराबाई मोडक

शाळा उघडल्या की आपल्या नानाखेड्यातील सकाळ एका ठराविक दृश्याने सुरू होते. पाठीवर दप्तर, डोळ्यांत पाणी, आणि एका हाताने मंदिराचा कठडा घट्ट धरलेले एखादे पाच-सहा वर्षांचे मूल. आई ओढते, आजोबा रागावतात, आणि शेजारीपाजारी दोन दिवसांत रुळेल अशी समजूत घालतात. मूल रुळते हे खरे. परंतु त्या दोन दिवसांत त्याच्या मनात शाळेविषयी काय रुजते, याचा विचार आपण सहसा करीत नाही. ज्या उज्जयिनीत सांदीपनींच्या आश्रमी श्रीकृष्ण-सुदाम्याची मैत्री जुळली, आणि जेथे अंकपातावर भगवंताने आपली पाटी धुतली अशी श्रद्धा आहे, तेथील रहिवाशांनी तरी हा विचार अवश्य करावा. ज्या मराठी विदुषीने तो आयुष्यभर केला, त्या कै. ताराबाई मोडक यांचे चरित्र म्हणूनच येथे सादर करीत आहे.

ताराबाईंचा जन्म 19 एप्रिल 1892 रोजी मुंबईस झाला. माहेरचे आडनाव केळकर. वडील प्रार्थना समाजाचे अनुयायी असल्याने मुलींच्या शिक्षणास त्या घरी आडकाठी नव्हती, व 1914 साली ताराबाई पदवीधर झाल्या. पुढे अमरावतीचे वकील श्री. मोडक यांच्याशी त्यांचा विवाह झाला. परंतु तो संसार टिकला नाही. 1921 साली त्या पतीपासून विभक्त झाल्या. पदरी लहान कन्या होती. त्या काळी अशा स्त्रीस समाजाने काय काय ऐकविले असेल, याची कल्पना वाचकांनीच करावी. राजकोट येथे स्त्रियांच्या अध्यापन महाविद्यालयाचे प्राचार्यपद त्यांस मिळाले. मान होता, वेतनही होते.

ते पद सोडून 1923 साली त्या भावनगरास गेल्या. तेथे दक्षिणामूर्ती या संस्थेत गिजुभाई बधेका यांनी 1920 साली बालमंदिर काढले होते. दक्षिणामूर्ती हे गुरुरूप शिवाचे नाव. दक्षिणमुखी महाकालाच्या नगरीत ते परके वाटण्याचे कारण नाही. गिजुभाईंस लोक कौतुकाने मिशीवाली आई म्हणत. त्यांच्या बालमंदिरात छडी नव्हती, हे तर झालेच. पण तेथे बक्षिसही नव्हते! हे वाचून मी प्रथम चकित झालो. तथापि विचार करता पटते: एकास बक्षीस मिळते तेव्हा उरलेली वीस मुले आपण उणे आहोत असे समजून घरी जातात. मारापेक्षा हा घाव खोल असतो, कारण तो दिसत नाही.

गिजुभाई व ताराबाई यांच्या प्रयत्नांनी 1926 साली नूतन बाल शिक्षण संघ स्थापन झाला. शिक्षण-पत्रिकेच्या द्वारे ताराबाईंनी हा विचार मराठी घरांत पोहोचविला. 1936 साली दादरला त्यांचे शिशुविहार सुरू झाले व नावारूपास आले.

एवढ्यावर त्या थांबत्या तरी त्यांचे नाव राहिले असते. परंतु शहरातील सुखवस्तू मुलांस जे लाभते ते खेड्यातील दरिद्री मुलास का लाभू नये, हा प्रश्न त्यांना स्वस्थ बसू देईना. 1945 साली, वयाच्या त्रेपन्नाव्या वर्षी, त्यांनी डहाणूजवळील बोर्डी गावी ग्राम बाल शिक्षा केंद्र काढले. श्रीमती अनुताई वाघ त्यांस तेथेच येऊन मिळाल्या. बालवाडी उघडली, पण हरिजनवाड्यातील मुले येईनात. आता अशा वेळी आपण पालकांस दोष देतो. ताराबाईंनी तसे केले नाही; त्यांनी बालवाडीच उचलून त्या वाड्याच्या अंगणात नेली. शिक्षिका जात, अंगण झाडीत, मुलांस न्हाऊ-माखू घालीत, केस विंचरीत, नखे कापीत; मग गाणे, गोष्ट, खेळ. साधने म्हणजे शिंपले, बिया, खडे, पाने. मूल आईच्या नजरेआड होत नसे, म्हणून भय उपजत नसे. यातूनच अंगणवाडी हा शब्द व ही पद्धत निघाली. मूल नुसते खेळते, अक्षर कधी शिकणार, ही पालकांची तक्रार आजही आपल्या कानी येते. पण भ्यालेले मूल अक्षर तरी कसे शिकणार?

1957 साली हे कार्य जवळच्याच कोसबादच्या टेकडीवर, वारली वस्तीत गेले. तेथे निराळीच अडचण. आठ-नऊ वर्षांची मुलगी शाळेत येई ना, कारण कडेवर धाकटे भावंड. सोडून आली तरी मन घरीच. म्हणून पाळणाघर, बालवाडी व प्राथमिक शाळा एकाच आवारात जोडून विकासवाडी उभी केली. भावंड पाळण्यात निजे, बहीण वर्गात बसे, आणि मन भरून आले की जाऊन त्यास पाहून येई. गुरे राखणाऱ्या मुलांसाठी तर शाळाच कुरणात गेली. तिचे नाव कुरणशाळा. माझ्या अल्पमतीस ताराबाईंचे खरे मोठेपण या लहान लहान युक्त्यांतच दिसते. मुलाच्या अंतःकरणातील चिंता नेमकी कोणती, हे आधी ओळखणे व शाळा तिच्याभोवती बांधणे, हे काम ग्रंथ वाचून साधत नाही.

1962 साली भारत सरकारने त्यांस पद्मभूषण देऊन गौरविले. 31 ऑगस्ट 1973 रोजी त्या निवर्तल्या. कोसबादचे कार्य अनुताईंनी 1992 साली स्वतःच्या निधनापर्यंत सांभाळले. ताराबाईंच्या पश्चात दोन वर्षांनी, 2 ऑक्टोबर 1975 रोजी, केंद्र सरकारची एकात्मिक बालविकास योजना सुरू झाली, आणि बोर्डीच्या त्या अंगणात जन्मलेला शब्द देशभर गेला. मध्य प्रदेशात हिंदी फलकांवरही तो दिसतो.