सनद नसलेली वकील

शाळेत नाशिकच्या मोठ्या माणसांवरचे निबंध ठरलेले असायचे: स्वातंत्र्यवीर सावरकर, दादासाहेब फाळके, कुसुमाग्रज. आपल्यापैकी निम्म्या जणांना ते अजून पाठ असतील. पण याच नाशिकात जन्मलेल्या कॉर्नेलिया सोराबजींवर आपण कधी दोन ओळीही लिहिल्या नाहीत. मला त्यांचं नाव पहिल्यांदा दिसलं ते नोव्हेंबर २०१७ मध्ये, ऑफिसात बसलेली असताना, गूगलच्या पहिल्या पानावर. भारतातली पहिली महिला वकील, एवढं वाचलं आणि पुन्हा कामाला लागले.

त्यांची आठवण पुन्हा झाली ती दोन वर्षांपूर्वी, आपल्याच वर्गातल्या एका मैत्रिणीचा फोन आला तेव्हा. नाव लिहायचं नाही, अशी तिची अट आहे. वक्तृत्व स्पर्धेची ढाल दोनदा शाळेत आणलेली ही मुलगी. बारावीनंतर लग्न झालं, बी.ए. बाहेरून केलं. वडील गेल्यावर तिने एका हक्कसोडपत्रावर न वाचता सही केली होती. भावाशी तिचं भांडण नव्हतं, आजही नाही. पण आपण कशावर सही केली हेच आपल्याला कळलं नाही, ही बोच तिला वर्षानुवर्षं होती. आता तिला तीन वर्षांचं एलएलबी करायचं होतं आणि चव्वेचाळीसाव्या वर्षी हे शोभेल का, असं ती मला विचारत होती. काय सांगावं मला सुचेना. मी वेळ मागून घेतला आणि कॉर्नेलियाबाईंबद्दल मिळेल ते वाचत बसले.

त्यांचा जन्म १५ नोव्हेंबर १८६६ चा. वडील पारशी, पण ख्रिस्ती धर्म स्वीकारून मिशनचं काम करणारे. आई फ्रान्सिना हिने पुण्यात व्हिक्टोरिया हायस्कूल चालवलं. बालपण बेळगाव आणि पुण्यात गेलं. घरात मुलींच्या शिक्षणाला पहिला मान होता. पुढे एक बहीण डॉक्टर झाली आणि दुसरीने, सुझीने, पुण्यात सेंट हेलेनाज शाळा काढली. कॉर्नेलिया डेक्कन कॉलेजात शिकल्या आणि मुंबई विद्यापीठाच्या पहिल्या महिला पदवीधर झाल्या. परीक्षेत त्या इलाख्यात अव्वल आल्या. या क्रमांकाला इंग्लंडमध्ये शिकायची सरकारी शिष्यवृत्ती मिळायची, पण बाई म्हणून ती त्यांना नाकारली गेली. त्या रडत बसल्या नाहीत. अहमदाबादच्या गुजरात कॉलेजात त्यांनी मुलग्यांच्या वर्गाला इंग्रजी शिकवलं. दरम्यान इंग्लंडमधल्या हितचिंतकांनी वर्गणी जमवली. देणाऱ्यांत फ्लॉरेन्स नाइटिंगेलही होत्या.

१८८९ मध्ये त्या ऑक्सफर्डच्या समरव्हिल हॉलमध्ये दाखल झाल्या. कायद्याची बी.सी.एल. परीक्षा तोवर एकाही बाईने दिलेली नव्हती. विद्यापीठाने खास ठराव केला, तेव्हा कुठे १८९२ मध्ये त्या पुरुषांबरोबर परीक्षेला बसल्या आणि उत्तीर्ण झाल्या. पण पदवी मिळाली नाही, कारण ऑक्सफर्ड तेव्हा बायकांना पदवी देतच नव्हतं. ती हातात पडली १९२२ मध्ये, तीस वर्षांनी.

भारतात परतल्यावर तोच खेळ पुन्हा सुरू झाला. १८९७ मध्ये मुंबईची एलएल.बी. आणि १८९९ मध्ये अलाहाबाद हायकोर्टाची वकिलीची परीक्षा, दोन्ही त्यांनी दिल्या आणि दोन्ही उत्तीर्ण झाल्या. सनद मात्र मिळाली नाही. काठियावाड आणि इंदूरकडच्या संस्थानांत पडदानशीन बायकांसाठी अर्ज दाखल करायची परवानगी होती, पण त्यांच्या बाजूने कोर्टात उभं राहण्याचा अधिकार नव्हता.

इथे मी थांबले. आमच्या क्षेत्रातही असं होतं. एका नोकरीत दोन वर्षं टीमचं सगळं काम मी बघत होते आणि पद दुसऱ्याकडे होतं. मी चिडले आणि नोकरी सोडली. कॉर्नेलियाबाईंनी निराळा मार्ग धरला. पद मिळत नाही, तर नवं पदच निर्माण करा, म्हणून त्या सरकारच्या मागे लागल्या.

त्यांचं म्हणणं साधं होतं. जमीनदार वारला आणि वारस अज्ञान असला, की इस्टेटीचा कारभार कोर्ट ऑफ वॉर्ड्स हे सरकारी खातं बघायचं. आत विधवा, लहान मुलं आणि पडदा. परपुरुष वकील किंवा अधिकारी तिथे जाऊ शकत नव्हता. बाहेरून आलेल्या कागदावर ती बाई सही किंवा अंगठा करणार, आणि कागदात काय आहे ते आणणाराच सांगणार. त्या बाईशी समोरासमोर बोलू शकेल अशी कायदा जाणणारी बाई हवी, हा त्यांचा आग्रह. १९०४ मध्ये बंगालच्या कोर्ट ऑफ वॉर्ड्सवर त्यांची नेमणूक झाली. पुढे बिहार, ओरिसा आणि आसामही त्यांच्याकडे आलं. रेल्वे, पालखी, होडी, मिळेल त्या वाहनाने त्या हवेल्यांपर्यंत पोहोचायच्या. वीस वर्षांत सहाशेहून अधिक बायका आणि अनाथ मुलांना त्यांनी मदत केली: कोणाची पोटगी, कोणाच्या मुलाची शाळा, कोणाची हडपली जाणारी इस्टेट. १९०९ मध्ये सरकारने त्यांना कैसर-इ-हिंद सुवर्णपदक दिलं.

त्यांचं सगळंच मला पटलं, असं नाही. ब्रिटिश राज्यावर त्यांचा फार विश्वास होता. त्यांनी गांधीजींच्या चळवळीला विरोध केला आणि १९२७ मध्ये कॅथरीन मेयोच्या 'मदर इंडिया'ची बाजू घेतली. त्याने त्यांचे आपल्याच लोकांशी असलेले संबंध तुटले. शाळेत त्यांच्यावर निबंध नव्हता, त्याचं एक कारण कदाचित हेही असेल. पण सहाशे बायकांच्या दारात जाऊन कागद वाचून दाखवणारी बाई या मतांमुळे खोटी ठरत नाही.

सनद अखेर १९२१ मध्ये अलाहाबादने दिली. १९२३ च्या कायद्याने देशभर बायकांना वकिलीचं दार उघडलं आणि पुढच्या वर्षी त्या कलकत्त्याला वकिली करू लागल्या, वयाच्या सत्तावन्नाव्या वर्षी! तिथेही त्यांच्या वाट्याला बहुतेक कागदी सल्ल्याचंच काम आलं. १९२९ मध्ये निवृत्त होऊन त्या लंडनला गेल्या. तिथे १९३४ मध्ये आत्मचरित्र प्रसिद्ध केलं आणि तिथेच ६ जुलै १९५४ रोजी त्यांचं निधन झालं. उघडलेल्या दारातून पुढे मुंबई हायकोर्टात मिठन टाटा आल्या, आणि १९९४ मध्ये त्याच हायकोर्टाच्या मुख्य न्यायमूर्तिपदी सुजाता मनोहर बसल्या. तेव्हा आपण शाळेतच होतो. सर्वोच्च न्यायालयाच्या सरन्यायाधीशपदी मात्र आजवर एकही महिला बसलेली नाही.

मैत्रिणीला मी हे सगळं फोनवर सांगितलं. चव्वेचाळीस हे वय सत्तावन्नपेक्षा तेरा वर्षांनी लहान आहे, एवढा हिशोब इंजिनिअरला जमतो, असंही म्हटलं. ती थोडा वेळ गप्प राहिली. मग तिने विचारलं, त्या आपल्या नाशिकच्या कुठल्या भागातल्या गं? मला सांगता आलं नाही.

आज ती एलएलबीच्या शेवटच्या वर्षाला आहे. तिच्या गल्लीतल्या बायका आत्ताच कागद घेऊन तिच्याकडे येतात. ती वाचून दाखवते, आणि सही करण्याआधी चार दिवस थांबा म्हणते. मेळाव्याला ती येणार आहे. तिला वय विचारू नका. सातबाऱ्याची शंका असेल तर जरूर विचारा. फक्त सनद हातात येईपर्यंत फी घेता येणार नाही, तोवर चहा चालेल, असा तिचा निरोप आहे.