बंदिशी जमवणारे वकील

येरवड्याहून बंडगार्डनचा पूल ओलांडला, की आपण पुणे शहराच्या मुख्य भागाकडे येतो. तेथे 1953 सालापासून सवाई गंधर्व संगीत महोत्सव भरत आला आहे. गायक आधी रागाचे नाव सांगतो आणि मग बंदिश गाऊ लागतो. उर्दूत बंदिश म्हणजे बांधणे किंवा मनाई, हे तुम्ही जाणता. गाण्यात मात्र राग आणि ताल यांत बांधलेल्या गीताला बंदिश म्हणतात. आज शेकडो बंदिशी पुस्तकांत रागवार लावलेल्या सापडतात. त्या गोळा करण्यासाठी पंडित विष्णू नारायण भातखंडे यांनी आपले आयुष्य वेचले.

भातखंडे यांचा जन्म 10 ऑगस्ट 1860 रोजी मुंबईत वाळकेश्वर येथे झाला. लहानपणापासून त्यांना गाण्याचा नाद होता. ते सतार शिकले. 1887 मध्ये वकिलीची परीक्षा पास झाले आणि काही काळ कराचीतही त्यांनी वकिली केली. मुंबईत पारशी लोकांनी स्थापन केलेली ‘गायन उत्तेजक मंडळी’ नावाची संस्था होती. तेथे ते रावजीबुवा बेलबागकर यांच्याकडून ध्रुपदे शिकले आणि उस्ताद अली हुसेनखाँ यांच्याकडून ख्याल शिकले.

शिकता शिकता त्यांच्या लक्षात एक गोष्ट आली. एकच राग दोन उस्ताद वेगवेगळ्या स्वरांत गात. कारण विचारले, तर आमच्या घराण्यात असेच गातात, एवढेच उत्तर मिळे. बंदिशी लिहून ठेवण्याची चाल फारशी नव्हती. त्या उस्तादांच्या कंठात असत. उस्ताद वारला आणि त्याचा कोणी शागिर्द नसला, तर त्या बंदिशीही त्याच्याबरोबर जात.

1900 साली भातखंडे यांच्या पत्नी वारल्या. 1903 मध्ये त्यांची मुलगीही गेली. घरात कोणी उरले नाही. 1904 मध्ये ते दक्षिणेकडे निघाले. तेथील पंडितांनी 72 मेलांत राग कसे बसवले आहेत, हे त्यांनी समजून घेतले. पुढे 1907 व 1908 मध्ये त्यांनी नागपूर, कलकत्ता, काशी, लखनऊ, दिल्ली, जयपूर अशी गावे पालथी घातली. विचारायचे प्रश्न ते आधीच लिहून नेत आणि मिळालेली माहिती रोजनिशीत टिपून ठेवत.

पण खजिना कोण सहज देतो? जयपूरचे उस्ताद महंमद अलीखाँ यांची गोष्ट सांगतात. त्यांचा मुलगा आशिक अलीखाँ याने घराण्यातील सुमारे 300 बंदिशी भातखंडे यांना दिल्या. त्या फोनोग्राफवर भरून घेतल्या होत्या. वडिलांना हे कळले, तेव्हा ते फार दुखावले. पिढ्यान्‌पिढ्या जपलेले धन मुलाने परक्याच्या हाती दिले होते! त्यांचा राग मला तरी चुकीचा वाटत नाही. त्या बंदिशींवरच घराण्याची भाकरी आणि इज्जत उभी होती. भातखंडे यांनी वाद घातला नाही. ते नम्रपणे खाँसाहेबांचे शागिर्द झाले आणि पुढे आपल्या ग्रंथात त्यांना गुरू म्हणून मान दिला. रामपुरासही असेच घडले. पन्नाशी उलटल्यावर त्यांनी नवाब हामिद अलीखाँ यांचे शागिर्दपण पत्करले.

बंदिशींचा ढीग जमला, पण तो लावायचा कसा? गायकाच्या नावाने लावावा, की घराण्याच्या? भातखंडे यांनी स्वरांचा आधार घेतला. बिलावल, कल्याण, खमाज, भैरव, पूर्वी, मारवा, काफी, आसावरी, भैरवी आणि तोडी असे दहा थाट त्यांनी मानले आणि प्रत्येक राग त्यांपैकी एकात ठेवला. कोमल स्वराखाली आडवी रेघ, तीव्र मध्यमावर उभी रेघ, खालच्या सप्तकाला खाली टिंब, वरच्याला वर टिंब, अशा सोप्या खुणांनी त्यांनी बंदिशी लिहिल्या. त्या ‘क्रमिक पुस्तकमालिका’ या नावाने सहा भागांत मराठीत छापल्या गेल्या. आधी ओळखीचे राग, मग अवघड आणि शेवटी क्वचित ऐकू येणारे, असा त्यांचा क्रम होता. दहा कप्पे सर्वांना पटले नाहीत. काही राग त्यांत अवघडून बसतात, ही तक्रार आजही ऐकू येते. पण शोधणाऱ्याला राग सापडू लागला, हे खरे.

1916 मध्ये बडोद्याला त्यांनी गायक व पंडित यांची मोठी परिषद भरवली. 1926 मध्ये लखनऊला संगीत शिकवणारे मॅरिस कॉलेज निघाले. आज तेथे भातखंडे यांच्या नावाचे विद्यापीठ आहे. 1933 मध्ये त्यांना पक्षाघात झाला. 19 सप्टेंबर 1936 रोजी ते वारले.

त्यांच्या मित्रांमध्ये अकबरपूरचे ताल्लुकदार राजा नवाब अली हे एक होते. भातखंडे यांची दहा थाटांची पद्धत त्यांनी उर्दूत आणली. त्या ग्रंथाचे नाव ‘मआरिफुन्नग़मात’. एखाद्या जुन्या ग्रंथालयात तो तुमच्या हाती लागला, तर मराठीत वाचलेले हे दहा थाट तुम्हांला उर्दू लिपीत ओळखता येतील.