चीनच्या युद्धात गेलेले सोलापूरचे डॉ. कोटणीस तिथं नेमकं काय करत होते?

तेर असो की धाराशिव, आजार मोठा झाला की घरचे लोक पेशंटला घेऊन सोलापूरची वाट धरतात. त्याच सोलापूरचा एक डॉक्टर मात्र रुग्णांसाठी थेट चीनमध्ये गेला आणि परत आलाच नाही. द्वारकानाथ कोटणीस हे नाव आपण शाळेत वाचलेलं असतं. पण युद्धात डॉक्टर म्हणजे नेमकं काय काम, हे फारसं कुणी सांगत नाही.

१० ऑक्टोबर १९१० ला सोलापुरात जन्म. वडील गिरणीत कारकून. घरात खाणारी तोंडं बरीच, तरी द्वारकानाथ मुंबईच्या जी. एस. मेडिकल कॉलेजातून डॉक्टर झाले.

१९३७ मध्ये जपाननं चीनवर मोठं आक्रमण केलं. चिनी सेनापती चू ते यांनी नेहरूंकडे डॉक्टरांची मदत मागितली. काँग्रेसनं पाच जणांचं पथक तयार केलं: अलाहाबादचे अटल, नागपूरचे चोळकर, कलकत्त्याचे बसू आणि मुखर्जी, आणि २७ वर्षांचे कोटणीस. सप्टेंबर १९३८ मध्ये ते मुंबईहून बोटीनं निघाले.

चीनमध्ये असतानाच वडील गेल्याची बातमी आली. परतायची मुभा होती. कोटणीस थांबले.

लढाईतली शस्त्रक्रिया वेगळी का?

जखमी सैनिकाच्या बाबतीत वेळ हाच मोठा शत्रू. रक्त वाहत राहतं, जखमेत माती जाते, ती सडते. पेनिसिलिन तिथं मिळत नव्हतं. जपानी नाकेबंदीमुळे साधी औषधंही मोजकीच. त्यामुळे सैनिक दवाखान्यात पोहोचेपर्यंत थांबायचं नाही, दवाखानाच लढाईजवळ न्यायचा, ही तिथली पद्धत होती. कॅनडाचे डॉ. नॉर्मन बेथ्यून याच भागात हे काम करत होते. ऑपरेशन करताना बोट कापलं, जंतुसंसर्ग झाला आणि नोव्हेंबर १९३९ मध्ये ते वारले. हातमोजेसुद्धा पुरेसे नसणं किती महाग पडतं, ते यावरून कळतं.

बेथ्यून यांच्या नावानं उभ्या राहिलेल्या रुग्णालयाचे कोटणीस १९४१ मध्ये प्रमुख झाले. त्याआधी, १९४० मध्ये एका लढाईच्या काळात त्यांनी सलग ७२ तास न झोपता ऑपरेशनं केल्याचं सांगितलं जातं. ते चिनी भाषा शिकले, तिथल्या विद्यार्थ्यांना शिकवू लागले आणि शस्त्रक्रियेचं पाठ्यपुस्तकही लिहायला घेतलं. कारण एक डॉक्टर किती जणांना पुरणार? शिकवून तयार केलेले डॉक्टर मागे उरतात.

तिथंच परिचारिका गुओ चिंगलान यांच्याशी त्यांचं लग्न झालं. ऑगस्ट १९४२ मध्ये मुलगा झाला. नाव ठेवलं इनहुआ. यातलं 'इन' म्हणजे भारत, 'हुआ' म्हणजे चीन.

पण कोटणीसांना अपस्माराचे झटके येत होते. विश्रांती घेतली नाही. ९ डिसेंबर १९४२ ला, अवघ्या ३२ व्या वर्षी ते गेले. मुलगा तेव्हा चार महिन्यांचाही नव्हता. दुसरं पुस्तक अर्धंच राहिलं.

बाकीचे चारही डॉक्टर मायदेशी परतले. १९४६ मध्ये व्ही. शांताराम यांनी 'डॉ. कोटणीस की अमर कहानी' काढला आणि नाव घरोघरी पोहोचलं. चीनमध्ये शिजियाझुआंगला त्यांची समाधी आहे, सोलापुरात स्मारक आहे.

पुढच्या वेळी सोलापूरला दवाखान्यात जाल, तेव्हा पेशंट टेबलावर असताना थोडा वेळ काढून तिथंही जाऊन या.