वसईचे दुभाषी

निवड म्हटली की अर्ज, मुलाखत आणि गुणवत्ता यादी आपल्या डोळ्यांपुढे उभी राहते. यादीत नाव नसले की माणूस खचतो. असले की ताठतो. ईश्वराची निवड या दोन्ही अवस्थांपलीकडची आणि बहुधा लहानांच्या वाट्याला येणारी असते, अशी कॅथलिक श्रद्धा आहे. तिचा अर्थ उलगडणारे एक चरित्र आपल्या शेजारचेच आहे.

मानपाड्यावरून जाणारा रस्ता घोडबंदरला ज्या खाडीपाशी पोचतो, तिच्या पैलतीरी वसई आहे. तेथे १५५६ च्या सुमारास गोन्सालो गार्सिया जन्मले. वडील पोर्तुगीज सैनिक, आई येथलीच. जेजुइट धर्मगुरूंच्या हाताखाली ते शिकले आणि कोवळ्या वयातच त्यांच्याबरोबर जपानला गेले. तेथील भाषा त्यांनी आत्मसात केली, काही वर्षे धर्मशिक्षकाचे काम केले. जेजुइट संघात प्रवेश मिळावा ही आस मात्र पुरी झाली नाही. ते व्यापारात पडले, त्यात यशही आले. पण मन रमेना. अखेर मनिला येथे ते फ्रान्सिस्कन संघात दाखल झाले, तेही साधे धर्मबंधू म्हणून. धर्मगुरूपदाची दीक्षा त्यांना कधीच लाभली नाही.

१५९३ मध्ये पेद्रो बाप्तिस्ता यांच्यासमवेत ते पुन्हा जपानला गेले, ते दुभाषी म्हणून. सत्ताधीश हिदेयोशीपुढे विचार दुसऱ्याचे, वाणी यांची. ज्या वर्षांच्या अखेरीस नकार पदरी पडला, त्याच वर्षांत कमावलेली भाषा आता साऱ्या संघाच्या उपयोगी पडली. पुढे हिदेयोशीची मर्जी फिरली. क्योतोत कानाचा भाग कापून, ऐन थंडीत नागासाकीपर्यंत चालवत नेऊन ५ फेब्रुवारी १५९७ रोजी सव्वीस जणांना क्रुसावर मारण्यात आले. त्यांत वीस जपानी होते. आणि एक वसईकर.

१८६२ मध्ये नवव्या पायस पोपनी त्यांना संतपद दिले. भारतात जन्मलेले ते पहिले संत. परंतु हा मान मृत्यूनंतर २६५ वर्षांनी आला. त्याची अपेक्षा धरून ते जगले नव्हते. आपल्याला कोणी नाकारले म्हणून त्यांनी सेवा सोडली नाही, आणि अखेर निवड झाली तीही क्रुसासाठी. नम्रता म्हणजे स्वतःला तुच्छ लेखणे, असा समज आहे. मिळालेले काम, ते कितीही दुय्यम असो, शेवटापर्यंत निभावणे हा तिचा खरा अर्थ या वसईच्या सुपुत्राने दाखवून दिला. यादीत नाव न आलेल्या प्रत्येकाने तो ध्यानी घ्यावा; आणि नाव आलेल्याने तर अधिकच.